अळणी पाहुणचार

आमच्या नांदेडच्या गल्लीतली पोरं हल्ली सुट्टी आली की किनवटच्या जंगलात चालायला जातात. पाठीवर पिशव्या, हातात काठ्या, डोक्यावर टोप्या. फाट्यापासून धबधब्यापर्यंतची पायवाट आता म्हणे लई नावाजली आहे. मी त्या भागात नोकरीला होते हे त्यांना कुणीतरी सांगितलंय, त्यामुळं निघायच्या आधी एखादं तरी दारात उभं राहतं आणि विचारतं, "काकू, तिथं राहायची-खायची सोय काय आहे?"

आता तिथं धाबा आहे, वनखात्याच्या खोल्या आहेत, अजून काय काय आहे. मी म्हणते, बाबांनो, मिळंल ते निमूट खा आणि या. आमच्या वेळी त्या वाटेवर राहायला-खायला ठिकाणं होती तीन. एक वनखात्याचं विश्रामगृह, त्याची किल्ली चौकीदाराकडं, आणि चौकीदाराला किनवटच्या साहेबाची चिठ्ठी लागायची. दुसरी फाट्यावरची चहाची टपरी, ती दुपारची बस गेली की बंद. आणि तिसरं आमचं घर. एका उन्हाळ्यात लातूरकडची तीन माणसं या तिन्ही ठिकाणांच्या मधोमध उपाशी बसली होती, आणि त्यांच्या उपासात माझा जीव अडकला होता.

त्या जंगलातल्या एका गावात मुलींची आश्रमशाळा होती. मी तिथं शिकवत होते. वडील वारलेले, आई माझ्यासोबत शाळेच्या क्वार्टरमध्ये राहायची. आमच्या घराण्यात सही करून पगार उचलणारी पहिली बाई मीच. पण पगाराचं सोडा, मला ती शाळाच आवडायची. जूनमध्ये आईच्या पदराआडून बाहेर न येणाऱ्या पोरी दिवाळीपर्यंत माझ्याशी हुज्जत घालायला लागायच्या. एखादी ताडकन उठून "बाई, तुमचं चुकलं" म्हणाली की माझा दिवस चांगला जायचा. ही नोकरी मी सोडणार नव्हते, आणि ते मी आल्या-गेल्या प्रत्येक पाहुण्याला तोंडावर सांगत होते. त्यापायी दोन स्थळं गेली होती. एक जण म्हणाला, पोरगी जंगलात राहते म्हणजे कुणाच्या धाकात नाही. दुसऱ्यांनी काही म्हटलंच नाही, नुसते पोहे खाऊन गेले.

तिसरं स्थळ आलं तेव्हा आईनं मला समोर बसवून दम दिला. "ह्या खेपेला तोंड उघडू नको. आधी त्यांना हो म्हणू दे. नोकरीचं मागून बघू."

"मागून म्हणजे कधी?"

"लेकरं झाल्यावर," आई म्हणाली.

स्थळ मामानं आणलं होतं. माणसं आमच्यातलीच, बौद्ध, रेणापूरकडच्या एका खेड्यातली. मुलगा लातूरला कलेक्टर कचेरीत कारकून. लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं, आणि तिकडच्या माणसांच्या अंगात तो जिल्हा अजून नव्या सदऱ्यासारखा कडक होता. पण जिल्हा झाला आणि पाऊस गेला. विहिरी खडखडीत. मुलाचं काम काय, तर कुठल्या गावाला पाण्याचा टँकर कधी पाठवायचा ते बघायचं. गावोगाव पाणी पाठवणारा माणूस, पण घरी रांजण कोरडा. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

मामा रेल्वेत होता. तो त्यांना घेऊन येणार होता, पण ऐन वेळेला त्याची ड्यूटी लागली. त्यानं त्यांना नांदेडहून गाडीत बसवून दिलं आणि बजावलं, किनवटला उतरून बस धरा, फाट्यावर उतरा, तिथून सागवानातली पायवाट धरा ती सरळ शाळेवर जाते. दुपारच्या बसनं परत फिरा, ती चुकली तर दुसऱ्या दिवशीशिवाय बस नाही. इतकं सगळं सांगितलं, एक गोष्ट सांगायची राहिली. वाटेत नाल्याला डोह आहे आणि त्यात भर उन्हाळ्यात कमरेइतकं पाणी असतं.

आम्ही सकाळपासून तयार. परीक्षा संपून मुली आपापल्या गावी गेलेल्या, वसतिगृहाचा स्वयंपाकी पण गेलेला, शाळा सामसूम. मी चांगलं लुगडं नेसून बसले. ऊन वर आलं, पोहे भिजवलेले फुगले, पाहुण्यांचा पत्ता नाही. आई दारातून आत, आतून दारात. शेवटी मोळी घेऊन येणारी एक गावातली बाई दारात थांबली.

"बाई, डोहापाशी झुडपांवर लुगडी वाळत घातलीत," ती म्हणाली. "तुमचे पाव्हणे हायत ना ते? धुणं धुवून राहिलेत."

आईला वाटलं, बाईला ऊन लागलंय. पण ते खरं होतं. पाहुणे फाट्यावरून अगदी वेळेवर निघाले होते. वाटेत डोह दिसला आणि माणसं जागीच थांबली. कित्येक महिन्यांत एवढं पाणी एका जागी बघितलं नव्हतं त्यांनी. आधी पाय धुतले, मग तोंड, मग बापलेकांनी सरळ आत उड्याच घेतल्या. आणि मुलाची आत्या, घर तीच सांभाळायची, ती तर लातूरहून घरचं धुणं गाठोडं बांधून सोबत घेऊनच आली होती. किनवटला जंगल आहे म्हणजे पाणी असणार असा तिचा हिशेब. पोरगी बघून झालीच, तर जाताजाता चार कपडे पण खंगाळून घेऊ. अंघोळीनं भूक खवळली म्हणून तिघांनी तिथंच बसून शिदोरी संपवली, येतानाची आणि जातानाची दोन्ही.

ते आमच्या दारात आले तेव्हा उन्हं कलायला लागली होती. मुलाचे वडील पुढं, ओलं धोतर, केसांतून पाणी ठिबकतंय. मागं मुलगा, सदरा पिळून घातलेला. त्याच्या मागं आत्या, उंच, वाळकी, पांढऱ्या केसांची, डोक्यावर ओल्या कपड्यांचं गाठोडं. जयभीम झाला. वडील म्हणाले, "जिल्हा झाल्यापासून असली अंघोळ झाली न्हवती." आत्यानं गाठोडं खाली ठेवलं, अंगणातल्या विहिरीत डोकावून बघितलं आणि आईला म्हणाली, "दोरी कुठं हाय वं माय? राहिलेलं वाळत घालते." मी चांगलं लुगडं नेसून आत बसले होते, आणि माझ्याकडं कुणी बघितलं पण नव्हतं. मला इतका राग आला की काय सांगू.

मग बसायला घातलं, मला बाहेर बोलावलं, नाव-शिक्षण विचारलं. ते झालं आणि आईनं पोहे आणले. मुलाच्या वडिलांनी हात पुढं केला तोच आत्यानं बशीवर आपला पंजा ठेवला.

"हे न्हाई," ती म्हणाली. "आमच्यात रिवाज हाय. होकार दिल्याबिगर पोरीच्या घरचं खायचं न्हाई. मीठ खाल्लं की माणूस बांधलं जातं. पाणी चालतंय."

पाणी मात्र चाललं. तिघांनी मिळून आमचा माठ रिकामा केला. मी भरून आणला, तो पण रिकामा झाला. आईचा जीव इकडं पोह्यांवर. ती म्हणाली, "आत्याबाई, आपण धम्मात आलो. मुहूर्त सोडले, पंचांग सोडलं, मग हे कामून ठेवलं?"

"देव सोडले माय, मीठ कुठं सोडलं," आत्या म्हणाली, आणि आईनं बशा उचलून आत नेल्या.

तेवढ्यात मुलाला बसची आठवण झाली. तो उठून घाईघाईनं सगळ्यांना उठवायला लागला. मी शांतपणे सांगितलं की बस मघाशीच गेली, आता उद्या दुपारी. ओले कपडे दोरीवर, पाहुणे ओसरीवर, आणि शिदोरी डोहाच्या काठावर संपलेली. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं म्हणतात, आमच्याकडं तर अजून व्याही ठरला पण नव्हता.

मुलाचे वडील म्हणाले, फिकीर करू नका, सरकारी विश्रामगृह असंल, पोरगा कलेक्टर कचेरीत हाय. मी त्यांना तिथवर घेऊन गेले. चौकीदार खाटेवर पडल्या पडल्या म्हणाला, चिठ्ठी. वडील म्हणाले, आम्ही जिल्ह्याहून आलो. चौकीदार म्हणाला, नांदेडहून? म्हणाले, लातूरहून. त्यानं बराच विचार केला. "लातूर तर उस्मानाबादेत हाय," तो म्हणाला. वडिलांनी त्याला उभ्या उभ्या नवा जिल्हा समजावून सांगितला, तालुके किती, कचेरी कुठल्या इमारतीत, एका टेबलावर किती कारकून बसतात. चौकीदारानं सगळं इतमिनानानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बरं झालं. चिठ्ठी आणा." आम्ही गेलो तसे परत फिरलो. मग बापलेकांची झोपायची व्यवस्था वसतिगृहाच्या रिकाम्या हॉलमध्ये केली, आत्याची आमच्यात.

राहायची सोय झाली, खायची राहिली. टपरी बंद. मी म्हटलं, गावात कुणाच्याही घरी जेवा, लोक आनंदानं वाढतील. आत्या म्हणाली, "गाव पोरीचं, म्हणजे घर पोरीचंच." हो म्हणा आणि जेवा असं तर आम्ही म्हणू शकत नव्हतो. दिवेलागण झाली. आमच्या चुलीवर भाकरी टम्म फुगत होत्या आणि मुलाचे वडील ओसरीवर तोंड फिरवून जंगलाकडं बघत बसले होते. म्हणाले, सागवान लई सरळ वाढतंय इकडं. थोड्या वेळानं परत तेच म्हणाले.

आई चुलीपुढं बसली होती. एकदम उठून बाहेर आली. "आत्याबाई, बांधतं ते मीठच ना? भाकरी न्हाई बांधत?"

आत्यानं विचार केला. "मीठच."

"आणि मीठच न्हाई घातलं तर?"

आत्यानं चुलीवरच्या भाकरीकडं बघितलं. तिच्याही पोटात कावळे ओरडत असणार. शेवटी म्हणाली, "मग हरकत न्हाई."

आईनं वरण अळणी केलं, वांग्याची भाजी अळणी केली. ठेचा सुद्धा अळणी केला, आणि अळणी ठेचा म्हणजे नुसता जाळ, त्याला ना चव ना दया. मुलाच्या वडिलांनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. मला वाटलं रडतात की काय. पापडाचा डबा समोरच फळीवर होता, ते जेवणभर त्याच्याकडं बघत होते. आईनं पाहुण्यांची लाज राखायला स्वतःच्या ताटात पण मीठ घेतलं नाही. मी घेतलं. नुसतं मीठच नाही, लोणचं घेतलं, दोन पापड भाजून घेतले आणि चांगले वाजवून खाल्ले. ज्यांना माझ्या घरच्या मिठाची एवढी भीती त्यांनी निदान आवाज तरी ऐकावा. आईनं मला मांडीला चिमटा काढला. मुलगा खाली मान घालून हसत होता ते मी बघितलं, पण तेव्हा मला त्याचाही रागच आला.

सकाळी मी विहिरीवर गेले तर तो आधीच तिथं, तिसऱ्या अंघोळीला. मला बघून टॉवेल सावरला, इकडं तिकडं बघितलं, आणि विचारलं, "हे पाणी उन्हाळाभर पुरतं?"

मी म्हटलं, "पुरतं. विहीर पसंत आहे का?"

तो लाजला. मग म्हणाला, "आत्यांचं मनावर घेऊ नका. मी रोज टँकर लावून राहिलो. लोक पाण्यापायी पाया पडतात, खोटं बोलतात, कशालाही हो म्हणतात. तहान-भूक लागलेल्या माणसाच्या बोलण्याला काय अर्थ." मला खरं तर त्याच वेळी सांगायचं होतं की मी शाळा सोडणार नाही. जिभेवर आलं होतं. पण आई दारात उभी राहून खोकत होती, आणि आईला खोकला नव्हता.

निघायच्या आधी त्यांना जेवू घातलं. परत अळणी वरण, अळणी भाजी. मी वाढत होते. मनात म्हणत होते, आता ही माणसं जेवतील, आमच्या विहिरीच्या पाण्यानं चूळ भरतील, वाळलेले कपडे बांधतील आणि जातील. मग मामाला निरोप पाठवतील, आणि तो निरोप काय असतो ते मला माहीत होतं. मला रडू येत होतं आणि ते आलं म्हणून अजून राग येत होता. कारण खरं सांगायचं तर विहिरीवरचं ते बोलणं मला आवडलं होतं.

अर्धी भाकरी झाल्यावर मुलानं हात थांबवला. म्हणाला, "मला मीठ पाहिजे."

आईच्या हातातलं उलथणं खाली पडलं. मुलाच्या वडिलांचा चेहरा उजळला. "झालं, ठरलं," ते म्हणाले आणि सरळ पापडाच्या डब्याकडं हात केला.

"हात आवर," आत्या भावाला म्हणाली. मग भाच्याकडं वळली. "कशापायी मागून राहिलास? भाजी अळणी हाय म्हणून, का पोरगी पसंत हाय म्हणून?"

"भाजीचं काय न्हाई," तो म्हणाला. "पोट भरलंय माझं. पोरगी पसंत हाय."

आत्यानं ताटातली भाकरी बाजूला सारली. आईकडं बघून बोलायला लागली, पण ऐकवत होती मला. "तुमाला वाटलं आसंल म्हातारी लई ताठ हाय. माय, माझ्या वक्ताला बी दुष्काळच व्हता. मला बघायला पाव्हणे लांबून चालत आले, उपाशी. माझ्या बापानं बियाची ज्वारी दळली आन् जेवू घातलं. पोटभर जेवले. मग मीठ खाल्लं म्हणून लाजंकाजं हो म्हणाले. सासू मरंस्तोवर मला एकच ऐकवायची, तुला कोण करून आणत व्हतं, तुझ्या बापाची भाकर नडली आमाला. शेवटी परत आले भावाकडं. रिवाज बिवाज काय न्हाई, म्याच लावलाय. आमच्या घरातनं कुनी पोरगी बघाया गेलं तर तिला भाकरीपायी हो म्हणायचं न्हाई."

मुलाचे वडील डब्याकडचा हात मागं घेऊन मांडीवर ठेवून बसले. आत्यानं माझ्याकडं बघितलं.

"आन् तुझं काय? मिठाचा डबा तुझ्यापाशी हाय. तुला द्यायचं हाय का?"

तीन स्थळं आली, पण हे मला कुणी विचारलं नव्हतं. आईनं मागून माझा पदर ओढला. मी तो सोडवून घेतला. म्हटलं, "मी शाळा सोडणार नाही. आज नाही, मागून नाही, लेकरं झाल्यावर पण नाही. चालत असंल तर देते."

"मग भाकरी कोण करणार?" मुलाचे वडील म्हणाले. "जिल्ह्याच्या गावात बिऱ्हाड करायचं, आन् बायको जंगलात?"

"आजवर तू करीत व्हतास काय भाकरी?" आत्या म्हणाली. "मी हाय की." मग भाच्याला म्हणाली, "ऐकलंस न्हवं? भरल्या पोटानं सांग."

मुलगा माझ्याकडं बघत होता. पहिल्यांदाच नीट बघत होता. म्हणाला, "नका सोडू. सुट्टीला मीच येत जाईन. बदलीचं मागून बघू."

"मागून म्हणजे कधी?" मी विचारलं.

"तुम्ही म्हणाल तवा."

आई रडायला लागली. मी डबा उघडला. मुलगा ताट पुढं करून बसला होता, त्याच्या वडिलांनी पण ताट पुढं सरकवलं. मी त्या दोघांना ओलांडून आत्यापुढं बसले आणि पहिल्यांदा तिच्या वरणात मीठ घातलं. घाईत चिमटीच्या ऐवजी सगळी मूठच पडली. आत्यानं वर बघितलं नाही. भाकरी चुरली, वरणात कालवली आणि ताट पुसून खाल्लं.